एकच लुगडं

वर्षातून दोनदा दिवाळे गावच्या बाळारामची झोप उडायची, तोंड थांबायचं नाही, आणि मासळीचे सगळे पैसे कनवटीला लावून तो बेलापूरच्या बाजारात माझ्या कापडाच्या दुकानात यायचा. बायकोसाठी एका दमात दहा-बारा लुगडी उचलायचा, भावसुद्धा विचारायचा नाही. दुसऱ्या दिवशी बायजा ती सगळी घडी न मोडता परत आणायची. "झहूरशेठ, आमच्या मानसाला काय बोलू नका," एवढंच म्हणायची. मी मुकाट पैसे परत करायचो. मग कित्येक महिने बाळाराम घराच्या ओटीवर गप्प बसून असायचा.

एकसष्ट साली एका सकाळी दुकान उघडलं, तर तो दारात उभा. तेव्हा त्याचे गप्प दिवसच चालू होते. त्याने बोट दाखवून एक हिरवं लुगडं काढायला लावलं.

"एकच? सुधारलास की रे!" मी हसलो. "बायजाला सांग, परत आणायची घाई नाही."

त्याने लुगडं काखेत धरलं.


"ती नाय येनार, शेठ. मी घेतलेलं हे पयलंच लुगडं नेसनार ती. तिरडी बांधून झालीय."