अंगणातला दवाखाना

पिकअप थेट अंगणात येऊन थांबली आणि भैय्यालालच्या हातातला मोबाइल म्हणाला, आपण पोहोचला आहात. भैय्यालालनं इकडंतिकडं पाहिलं. कौलारू घर, बाजूला गोठा, दोरीवर कपडे. दवाखाना कुठंच नव्हता.

मागच्या हौद्यात त्याची वहिनी शामकला धानाच्या भाऱ्यांवर पडली होती. तिचं डोकं मांडीवर घेऊन त्याचा भाऊ कवडू बसला होता. तिघंही सालेकसाकडून धान कापायला आलेली, या भागात नवी. भारा उचलताना शामकलाच्या हाताला नाग चावला. शेताचा मालक गावाला गेलेला. भैय्यालालनं मोबाइलवर साप चावल्याचा दवाखाना शोधला, सगळ्यात वर आलं ते नाव दाबलं आणि मालकाची पिकअप काढली.

खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलेला ओमेश उठून पुढं आला. दवाखाना कुठं आहे, असं भैय्यालालनं त्याला विचारलं आणि मोबाइल समोर धरला. ओमेशनं पडद्यावरचं नाव वाचलं. ते नाव त्यानंच वर चढवलं होतं.

ओमेशची नोकरी गोंदियाला. दिवाळीला म्हणून दोन दिवस घरी आला होता. त्याचं काम काय, तर कुणी गूगलवर काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं नाव सगळ्यांच्या वर दिसलं पाहिजे. गोंदियातल्या एका खासगी दवाखान्याला अर्जुनी मोरगाव तालुक्यातले पेशंट हवे होते. पण गूगल जवळचं आधी दाखवतं, आणि हा दवाखाना पडला सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. मग पठ्ठ्यानं डोकं चालवलं. शाखा म्हणून आपल्या घराचाच पत्ता टाकला. गूगलला पुराव्याला व्हिडिओ लागतो, तर जूनमध्ये एक दिवस दारावर दवाखान्याचा बोर्ड ठोकला. त्याच्या मायनं, सुलोचनाबाईनं, शिडी धरली. व्हिडिओ झाला, बोर्ड उतरला. 'सर्पदंशावर चोवीस तास उपचार' हेही त्यानं लिहून टाकलं, कारण शेतीच्या दिवसांत इथले लोक तेच शोधतात. लोक आधी फोन करतील आणि मग गोंदियाला येतील, असं त्यानं धरून ठेवलं होतं. महिन्याभरात नाव पहिल्या नंबरावर आलं आणि ऑफिसात पेढे वाटले गेले. साप चावलेल्या बाईच्या घरचे फोन करत बसत नाहीत, एवढी साधी गोष्ट त्या शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

सरकारी दवाखाना अर्जुनीला होता. सापाची लस तिथं होती. ज्या शेतात नाग चावला, तिथून अर्जुनी चार किलोमीटर, आणि हे लोक उलट्या दिशेनं चौदा किलोमीटर आले होते. आता अठरा किलोमीटर मागं जायचं होतं.

तेवढ्यात सुलोचनाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. काय झालं, कोण तुम्ही, असं तिनं काही विचारलं नाही. गोठ्यामागून गाडी सोपी वळते, असं तिनं भैय्यालालला सांगितलं आणि अर्जुनीचा रस्ता दाखवला.

ओमेश हौद्यात चढला. शामकलाच्या पापण्या खाली आल्या होत्या. जीभ जड झाली होती, तरी ती काहीतरी सांगत होती आणि कवडू कान लावून ऐकत होता. रस्ता खड्ड्यांचा. सातव्या किलोमीटरला तिचं बोलणं थांबलं. कवडूनं वर पाहिलं.

"भाऊ, मोबाइलनं इकडं काऊन आणलं आमाले?"

ओमेशला खरं सांगता आलं असतं. कवडूनं त्याला गाडीतून खाली लोटलं असतं, तेही योग्यच झालं असतं. पण जीव आपला असला की माणूस भारी हुशार होतो.

"गूगलची चूक झाली असन," ओमेश म्हणाला.

अर्जुनीच्या दवाखान्यात डॉक्टर धावत बाहेर आले. त्यांनी नाडी पाहिली, छाती दाबून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. मग किती वेळ झाला चावून, असं विचारलं. भैय्यालालनं सांगितलं. थोडं आधी आणलं असतं तर वाचली असती, असं म्हणून डॉक्टरांनी मान हलवली.

ओमेशनं तिथंच पायरीवर बसून मोबाइल काढला आणि ती शाखा गूगलवरून काढून टाकली. अर्धं मिनिटही लागलं नाही. तो निघाला तेव्हा कवडू मागून आला. त्यानं ओमेशचे दोन्ही हात धरले. तुम्ही काम सोडून आमच्यासाठी आलात, परक्यासाठी एवढं कोण करतं, असं तो म्हणत राहिला. ओमेशला हात सोडवून घेता येईनात.

घरी आला तेव्हा सुलोचनाबाई चुलीपुढं होती. ओमेश तिच्याजवळ खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. सगळं सांगितलं. बोर्ड कशाला लावला होता, पत्ता कुणी टाकला, बाई कशानं मेली, कवडूशी आपण काय खोटं बोललो. हा खून आहे माय, असंही म्हणाला. उद्या पोलिसांत जाऊन सांगतो म्हणाला.

सुलोचनाबाईनं त्याला पाणी दिलं.

"कोणाले काई सांगू नको," ती म्हणाली. "भादव्यात बी अशाच दोन गाड्या आल्या होत्या आंगनात. तुई नौकरी जाईन म्हणून मी तुले बी नाई सांगितलं."