दिव्याचा मान

खंडेनवमीला केमिकलच्या कारखान्यात प्रत्येक मशिनला झेंडूची माळ चढली. कुंदाला ऐकू येत नसे, म्हणून तिच्या टेबलासमोर लाल दिवा बसवला होता; धोक्याचा भोंगा वाजला की तो लागायचा. मोहिते साहेबांनी सगळ्यात जाडजूड माळ त्याच्यावरच गुंडाळली आणि तिला ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणाले, "तुझी राखण करतो, त्याचा मान पहिला."

कुंदाला भरून आलं. याआधी तिला कुठल्याच कारखान्याने फाटकाच्या आत घेतलं नव्हतं.

दसऱ्याची सुट्टी संपली, तरी माळा तशाच होत्या; सुकून गळेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही तिथली रीत. कुंदा बाटल्यांना झाकणं लावत होती. पायाखालची फरशी धडधडली. ट्रक आला असेल, म्हणत तिने पुढची बाटली ओढली.

मान वर केली, तर झेंडूच्या फटींतून लाल उजेड लुकलुकत होता. साहेबांची आरास, असं वाटून क्षणभर ती हसली.

मग घशाला काहीतरी झोंबलं. ती गर्रकन वळली. मागची टेबलं रिकामी होती, आणि गळती पसरू नये म्हणून, नियमाप्रमाणे, लोखंडी दार बाहेरून लावून झालं होतं.