चार हातांचं अंतर

श्रीरंगरावांनी स्टूल कुमुदच्या खाटेपासून चार हात दूर ठेवलं, तशी नर्स म्हणाली, "काका, जवळ बसा. आता फार वेळ नाही."

"बसू दे गं तिथेच," कुमुद क्षीण हसली. "आमच्या मधून विमान उतरेल, एवढी जागा लागते त्यांना."

विमानशाळेच्या टॉवरमध्ये श्रीरंगरावांनी तीस वर्षं काढली होती. धावपट्टीभोवती घिरट्या घालणारी शिकाऊ विमानं नुसत्या डोळ्यांनी सांभाळता येत नाहीत, म्हणून श्रीरंगरावांच्या पाठीत तार बसवली होती. दोन विमानं जवळ आली की त्यांना कळ यायची. त्यांनी विमानं बाजूला काढली की कळ हळूहळू ओसरायची. एकदाच ती झटक्यात थांबली होती. त्या दिवशी दोनांतलं एक विमान पडलं होतं.

निवृत्तीनंतर तार काढली, पण कळ गेली नाही. आता माणूस चार हातांच्या आत आला की ती उठायची. अकरा वर्षांत त्यांनी कुमुदला हात लावला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "आज या की."

ते उठले. दुसऱ्याच पावलाला पाठ पेटली. दात आवळून त्यांनी तिचा हात धरला.

"फार दुखतंय?"

"छे गं."

"खोटारडे," म्हणून तिने डोळे मिटले. कळ मानेपर्यंत चढली, तरी त्यांनी हात सोडला नाही.

मग कळ झटक्यात थांबली. कुमुदचा हात अजून त्यांच्या हातातच होता.