भूल उतरेपर्यंत

माशाच्या कानात आतून वाढणाऱ्या चुन्याच्या खड्यावर वर्षाला एकच वलय उमटतं, हे सिद्ध करण्यात प्राध्यापकांची सारी नोकरी सरली होती. वय नेमकं ठाऊक असलेला पुरावा हवा म्हणून कॉलेजच्या टाकीत त्यांनी अंड्यापासून एक मासा वाढवला होता. "माझा वाढदिवस विसरता, त्याचा नाही," असा बायकोचा टोमणा असे. उद्या निवृत्ती, म्हणून आज मासा कापून खडा काढायचाच होता. विद्यार्थिनीने माशाला भुलीच्या पाण्यात सोडलं. तो हळूहळू आडवा झाला. "सर, कापू?" प्राध्यापकांनी बाह्या सरसावल्या, माशाला उचलून टाकीत धरलं आणि कल्ल्यांतून ताजं पाणी खेळावं म्हणून ते त्याला अलगद पुढे पुढे चालवू लागले. हिरवट पाण्यात त्यांचे हात स्वप्नातल्यासारखे तरंगत राहिले. कितीतरी वेळाने कल्ला हलला. "अहो सर, मग तुमचा शोधनिबंध?" ती ओरडलीच. "हळू बोल गं," प्राध्यापक कुजबुजले, "आत्ताच जागा झालाय."