सहा वाजून दहा मिनिटांची गोळी

आकडेबाई गुडघे टेकून सातव्या वॉर्डातल्या अकरा नंबरच्या खाटेची उंची मोजत होत्या. खाटेवरचे आजोबा पाय वर घेऊन मोठ्या उत्साहाने सहकार्य करत होते. उंची अठरा इंच भरली. तिसऱ्या वॉर्डातही अठराच भरली होती. म्हणजे हेही कारण नव्हतं.

खरं तर आकडेबाईंचं काम तळमजल्यावरच्या खोलीत. रुग्णालयात कुणाला कुठलं औषध कधी दिलं आणि पुढे काय झालं, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये नोंदलेलं असतं. त्या नोंदी चाळायच्या आणि कुठलं औषध कुणाला बाधतंय ते शोधायचं, एवढंच त्या करत. वॉर्डात पाऊल टाकायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नसे आणि त्यांना ते बरंच वाटायचं. माणसं विसरतात, थापा मारतात, नोंदी तसं करत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं.

पण एका गोळीने त्यांचं डोकं पार भंजाळून टाकलं होतं. म्हाताऱ्या माणसांना शांत झोप लागावी म्हणून संध्याकाळी द्यायची ही गोळी. ती घेतलेली माणसं सकाळी उठताना तोल जाऊन पडत होती. वर्षभरात सहा वॉर्डांत मिळून बावन्न जण पडले. त्यातल्या नऊ जणांचं खुब्याचं हाड मोडलं. सातव्या वॉर्डात मात्र हीच गोळी एकशे चाळीस जणांना दिल्याची नोंद होती आणि पडलं कुणीच नव्हतं. मागच्या वर्षीही तसंच. आज चार वाजता समिती बसणार होती. गोळी ठेवायची की बंद करायची हे तिथे ठरणार होतं, आणि सातव्या वॉर्डाचं गौडबंगाल काय, हे आकडेबाईंना सांगावं लागणार होतं.

सकाळपासून त्यांनी फरशी तपासली, दिवे तपासले, कठड्यांना लटकून पाहिलं. सातव्या वॉर्डाचं न्हाणीघर उलट सगळ्यात लांब होतं आणि वाटेतला दिवा फडफडत होता. या हिशेबाने इथेच जास्त माणसं पडायला हवी होती. मोठे डॉक्टर योगायोग म्हणून मोकळे झाले. एकशे चाळीस माणसांचा योगायोग काही आकडेबाईंच्या गळी उतरेना.

शेवटी त्यांनी आजोबांनाच विचारलं, गोळीने झोप बरी लागते का. आजोबा म्हणाले, कसली झोप, सिस्टर नऊपर्यंत गप्पा मारत बसतात आणि मग शेजारचा घोरायला लागतो. संध्याकाळची गोळी म्हणाल तर एकच, साखरेची. आकडेबाईंनी मोबाइलवर नोंद पाहिली. झोपेची गोळी, काल, सहा वाजून दहा मिनिटं, दिली. त्यांनी आजोबांकडे पाहून समजूतदारपणे मान हलवली. पलीकडच्या आजींनाही तीच गोळी होती, त्यांनाही ती आठवत नव्हती. त्यांच्या पलीकडच्या आजींनाही नाही. एका रांगेत इतकी विसराळू माणसं कशी गोळा झाली, हे एक नवंच कोडं झालं. साडेतीन वाजले होते आणि आकडेबाईंना आता खरोखर रडू येईल असं वाटायला लागलं.

सिस्टर कपाटापाशी चादरींच्या घड्या घालत होत्या. निवृत्तीला दोन महिने उरलेल्या, कुणाला न घाबरणाऱ्या. आकडेबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर, मी हात टेकले. तुम्ही इथे वेगळं काय करता, तेवढं सांगा."

सिस्टरनी हातातली घडी पूर्ण केली.

"गोळी देत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी गोळी नवीन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक आजी पडल्या आणि पुन्हा उठल्याच नाहीत. सिस्टर डॉक्टरांशी दोनदा बोलल्या. एका माणसावरून औषधाला नावं ठेवू नयेत, असं उत्तर मिळालं. गोळी दिली नाही असं नोंदवायचं तर कॉम्प्युटर कारण मागतो. रुग्णाने नाकारली, उलटी झाली, साठा संपला, एवढीच कारणं त्यात होती. सिस्टरला पटत नाही, असं कारण नव्हतं. म्हणून त्या रोज 'दिली'वर खूण करायच्या आणि गोळ्या बेसिनात सोडायच्या. सुट्टीवर जाताना हाताखालच्या मुलींनाही तसंच बजावून जायच्या.

आकडेबाईंना यांच्यावर ओरडावं की यांच्या पाया पडावं, काही कळेना. दोन वर्षांचं त्यांचं काम त्याच बेसिनातून वाहून गेलं होतं. तरी एकशे चाळीस माणसं आपल्या पायांनी घरी गेली होती, हेही खरंच होतं.

सिस्टर म्हणाल्या, वर जाऊन खुशाल सांगा, नोकरी गेली तर जाऊ दे, त्या आजींनंतर माझं एकही माणूस पडलं नाही. तसं म्हणताना त्यांचा चेहरा अगदी समाधानी होता. त्यांनी पुढची चादर उचलली आणि मध्येच थांबल्या.

"पण मला एक कळत नाही. बाकीच्या वॉर्डांत इतकी माणसं पडतायत, तर ही गोळी मागच्याच वर्षी बंद का नाही केली?"

मागच्या वर्षीचा अहवाल आकडेबाईंनीच लिहिला होता. त्यातलं शेवटचं पान त्यांना तोंडपाठ होतं.

"बंदच करणार होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या वॉर्डात कुणीच पडलं नाही, म्हणून चालू ठेवली."