पडू दे विमान

तिच्या डोक्यावर तीन तारा चिकटवलेल्या होत्या, दोन्ही कानांना एकेक चिमटा होता आणि समोरच्या पडद्यावर एक विमान होतं. मेंदू शांत झाला की विमान वर चढायचं. पुन्हा पुन्हा हात धुण्याच्या तिच्या ओसीडीवर हा न्यूरोफीडबॅकचा उपचार चालू होता. आज पडद्यावरचा शांततेचा आकडा शंभरपैकी एक्क्याण्णववर गेला.

“भले शाब्बास!” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई म्हणाली. “सुटलीस बघ एकदाची.”

“असंच चालू ठेवा, ताई,” तंत्रज्ञ म्हणाला.

“असंच? अहो, मी इथे बसून मनातल्या मनात हात धुतेय. साबण लावते, नखं घासते, तेव्हा कुठे तुमचं विमान वर जातं.”

तंत्रज्ञ तिच्या डोक्यावरच्या तारा तपासू लागला. आई म्हणाली, “मग बिघडलं कुठे? खरं पाणी तर सांडत नाहीस ना! एवढा छान आकडा येतोय, कशाला त्यात खोडा घालतेस?”

तिने वाकून स्वतःच्या चपलेच्या तळावर हात चांगला चोळला, तोच हात मांडीवर ठेवला आणि मनातला नळ बंद केला. विमान धाडकन खाली आलं.

“अगं, पडतंय ते!”

“पडू दे.”

तिला दरदरून घाम फुटला, पण हात मांडीवरून हलला नाही. आकडा चारवर येऊन थांबला. पंधरा मिनिटांनी, साबणाशिवाय, तो एकवीस झाला.