चढावरचा झटका

गाडीने झटका दिला तेव्हा स्टिअरिंग विश्वासच्या हातात होतं.

बरखेड्याचा चढ होता. गाडीत पाच माणसं. तो, शेजारी बायको नलिनी, मागे साडू मनोहरराव आणि त्यांची दोन धिप्पाड मुलं. डिकीत वर्षश्राद्धाचं सामान. मनोहररावांची बायको प्रमिला, म्हणजे नलिनीची धाकटी बहीण, जाऊन वर्ष झालं होतं आणि सगळे नर्मदेवर निघाले होते. विश्वासने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी अडखळली, गचके खात पुढे सरकली. त्याने पाय सैल केला, गाडी सुरळीत. पुन्हा दाबला, पुन्हा गचके. नलिनी खिडकीबाहेर बघत राहिली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

हाच झटका दीड वर्षापूर्वी नलिनीला बसला होता. तेव्हा ती छप्पन्न वर्षांची, नुकतीच गाडी शिकलेली. शिकली तीच मुळी प्रमिलासाठी. प्रमिलाचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं. नलिनी अरेरा कॉलोनीतून मंडीदीपला जायची, प्रमिला, मनोहरराव आणि सांभाळणाऱ्या सिंधूबाई यांना गाडीत घ्यायची, व्हीलचेअर डिकीत टाकायची आणि भोपाळचं हॉस्पिटल गाठायची. मनोहरराव मागे घोरत. पुढे दोघी बहिणी तासभर बोलत. काय बोलत ते देवाला ठाऊक, पण नलिनी घरी यायची ती हसऱ्या तोंडाने. मग एका शुक्रवारी हॉस्पिटलातून परतताना पुलाच्या चढावर गाडी गचके खायला लागली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. घाबरलेल्या नलिनीने मंडीदीपला न जाता गाडी कशीबशी आपल्याच घरी आणली आणि विश्वासला हाक मारली.

आता विश्वास म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनांच्या चाचणी विभागात काढलेली. त्याने गाडी शाहपुऱ्याच्या तळ्यापर्यंत नेऊन आणली. एकदा नव्हे, तीनदा. रेडिओ बंद, काचा वर, कान इंजिनाकडे. गाडीने कुठे हूं की चूं केलं नाही. परत येऊन त्याने दारातच, सगळ्यांसमोर निकाल दिला. गाडीला काही झालेलं नाही, तुझाच पाय क्लचवरून घाईने सुटतो. वर हसून असंही म्हणाला, की या वयात हे असंच व्हायचं.

नलिनीने पुन्हा गाडीला हात लावला नाही. विश्वासने मनाचा मोठेपणा दाखवून प्रमिलासाठी टॅक्सी लावून दिली. टॅक्सी मंडीदीपहून थेट हॉस्पिटलात जायची. नलिनी तिथे रिक्षाने जाऊन बसायची, पण तिथे मशीन, नर्स, शेजारचे पेशंट. बहिणींचा तो तासभर गेला तो गेलाच. पुढच्या पाच-सहा महिन्यांत प्रमिलाही गेली.

नर्मदेवरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी विश्वास मिसरोदच्या इकबालभाईंकडे गेला. मेकॅनिक जुना, बोलायला कमी. त्यांनी एक चक्कर मारली, मान हलवली आणि शेजारच्या दुकानातून सिमेंटच्या पाच-सहा गोण्या मागवून सीटवर आणि डिकीत रचल्या. मग विश्वासला शेजारी बसवून गाडी पुलाच्या चढावर घातली. लगेच गचके. जोडलेल्या स्कॅनरने तिसऱ्या सिलिंडरवर खोट दाखवली. इकबालभाईंनी बाजूला थांबून तिथली ठिणगी देणारी कॉइल पहिल्याला लावली आणि पुन्हा चढ घेतला, तर स्कॅनरवर खोटही तिसऱ्यावरून पहिल्यावर आलेली. कॉइल कमजोर झाली होती. रिकाम्या गाडीपुरती ठिणगी द्यायची, ओझं पडलं की दगा द्यायची.

"साहब, खाली गाड़ी में ये बीमारी कभी नहीं दिखती," इकबालभाई म्हणाले.

एकतीस वर्षं विश्वास नव्या पोरांना हेच शिकवत आला होता. लोड दिल्याशिवाय इंजिनाच्या कागदावर सही करायची नाही. कारखान्यात त्याने यावरून दोघातिघांना फैलावर घेतलं होतं. आणि बायकोच्या बाबतीत मात्र रिकाम्या गाडीवर सही ठोकून मोकळा झाला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. इकबालभाई गोण्या उतरवत होते, तर त्यांना मदत करायचंही त्याला सुचलं नाही.

घरी नलिनी मटार सोलत बसली होती. विश्वास समोरच्या खुर्चीत बसला. रस्ताभर जुळवलेली वाक्यं ऐनवेळी पळाली. चौतीस वर्षांच्या संसारात माफी मागायची सवय नव्हती, ती आज कुठून येणार. त्याने आधी कॉइलचं सांगितलं, मग गोण्यांचं, मग इकबालभाई काय म्हणाले ते. नलिनी सोलत राहिली.

"चुकलो मी," तो शेवटी म्हणाला. "तुझा पाय नव्हता तो. गाडी लोडवर बघायला हवी होती. माझ्यासारख्या माणसाला त्या दिवशी सुचलंच नाही, की गाडीत माणसं बसलेली हवीत."

नलिनीचे हात थांबले. ती रागावली नव्हती, आणि तेच त्याला जड जात होतं.

"माणसं बसलेलीच होती की," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, सगळे उतरा, मला शांतपणे ऐकू दे. प्रमिलाला उतरायला जमत नव्हतं. ती म्हणाली, भावोजी, मी बसून राहते ना गाडीत."